काजळी जाळून येतो

डिझेल गाडी घेणारा माणूस मुळात हिशेबी. इंधनाच्या दरातला फरक, गाडीच्या किमतीतला फरक, लिटरमागचं ॲव्हरेज असं सगळं तो कागदावर मांडतो आणि ‘चार वर्षांत वसूल’ असा निकाल स्वतःच देऊन टाकतो. वर्षाला गाडी किती फिरेल, हा आकडा मात्र तो सढळ हाताने लिहितो. गोवा, गणपतीला कोकण, कुलदैवत, शिवाय ‘मधे मधे होतंच की’! प्रत्यक्षात आमची गाडी पुण्यात कोथरूडातून निघते, कर्वे रस्त्याने रांगत मंडईपर्यंत जाते आणि पार्किंग मिळालं नाही की तशीच परत येते.

हे इतकी वर्षं खपून गेलं. पण 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचं मानक आलं. बीएस-5 ही पायरी सरकारने गाळलीच. डिझेल मोटारीने किलोमीटरमागे किती कण सोडावेत, याची मर्यादा 25 मिलिग्रॅमवरून एकदम साडेचारवर आली. मग धुराच्या वाटेत एक फिल्टर येऊन बसला. फ्रान्समध्ये प्यूजोने तो 607 या मोटारीत 2000 सालीच बसवला होता. आपल्याकडे त्याचं डीपीएफ (डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर) हे नाव ठाऊक झालं ते बहुतेकांना गॅरेजमध्येच.

रचना मात्र दाद द्यावी अशी आहे. सिरॅमिकचं एक नळकांडं, त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. जाळी म्हणजे हजारो अरुंद बोगदे. एक बोगदा पुढून उघडा आणि मागून बुजवलेला, त्याला लागूनचा बरोबर उलटा. धूर ऐटीत आत शिरतो, पुढे वाट बंद. मग तो भिंतीतून झिरपून शेजारच्या बोगद्यात जातो आणि निमूटपणे बाहेर पडतो. काजळी अलीकडेच अडकते. (या इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल, त्याच्या मनात सुरुवातीला कोळशाची पूड जाळून इंजिन चालवायचंही होतं. ते जमलं असतं, तर हा फिल्टर डिकीएवढा लागला असता.)

अडकलेली काजळी जाळायला साधारण 600 अंशांची धग लागते. ती आणायला गाडी आपणहून थोडं जास्तीचं डिझेल खर्च करते. म्हणजे डिझेल जाळून झालेली काजळी पुन्हा डिझेल घालूनच जाळायची. आणि एवढं करून गाडीची अट अशी, की पंधरा-वीस मिनिटं मला सलग, बऱ्या वेगाने चालवा. कर्वे रस्त्यावर सलग म्हणावं असं फक्त हॉर्न वाजवणं असतं. काजळी जळायला लागावी, तेवढ्यात आपलं घर यावं आणि आपण किल्ली फिरवावी. पुढचा पंखा तसाच घोंघावत राहतो, चाकांजवळ करपट वास येतो आणि वॉचमन धावत येऊन सांगतो, “साहेब, गाडी चालूच राहिली.”

असं वारंवार झालं की एक दिवस पिवळा दिवा लागतो. तरी दुर्लक्ष केलं तर पिकअप जातो, गाडी बैलगाडीच्या वेगाला येते आणि गॅरेजवाला स्कॅनर लावतो. सर्व्हिसच्या मुलाने मला विचारलं, “सर, गाडी वापरत नाही का?”

“वापरतो की. रोज वापरतो.”

“तसं नाही सर. पळवत नाही का?”

मग त्याने ऑइलची पट्टी काढून, फडक्याने पुसून, पुन्हा बुडवून दाखवली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर! कमी झालेलं ऑइल मी पुष्कळदा पाहिलं होतं, पण हे वाढलेलं. बोट लावून हुंगलं तर डिझेलचा वास. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक जाळणीतलं थोडं डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळत होतं. आपण गाडी जपतोय असं समजावं, आणि तिने खाली हे साठवावं.

दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने दबक्या आवाजात उपाय सुचवला : “आतून पोकळ करून देतो, कटकटच नको.” ते बेकायदा आहेच. शिवाय मागच्या स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या पोराच्या नाकात ती काजळी घालून आपलं ॲव्हरेज वाढवायचं, हा हिशेब माझ्या कागदात बसेना.

उरला उपाय हायवेचा. काम नसताना बाहेर पडायचं नाही आणि सिग्नलला इंजिन बंद करायचं, या शिकवणीत वाढलेल्या माणसाला हे फार जड जातं.

“कुठे निघालात?” घरातून प्रश्न येतो.

“काजळी जाळून येतो.”

“मग येताना कोथिंबीर आणा.”

चांदणी चौकातून बायपासला लागायचं, वारजे, नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा. वरचा गिअर टाकायचा मोह आवरून चौथ्यातच, काटा दोन हजारांच्या वर ठेवायचा. गाणी लावायची नाहीत, कारण सगळं लक्ष त्या दिव्याकडे. खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या आसपास तो विझतो, तोही बहुतेक फास्टॅगचे पैसे कापले गेल्यावर. येताना पुन्हा टोल. चार वर्षांत वसूल होणारी गाडी आता कोथिंबिरीच्या जुडीला दोन टोल लावते. पण खरं सांगू? रिकामा रस्ता, हाताशी कसलंही काम नाही आणि तरी बायकोला सांगायला तांत्रिक कारण आहे, असे तास मला नोकरीत कधी मिळाले नव्हते.

एवढ्यानेही सगळं सुटत नाही. काजळी जळते, राख जळत नाही. इंजिन ऑइलमधल्या रसायनांची राख त्या बोगद्यांत कायमची साठत जाते, म्हणून कमी राखेचं, पुस्तिकेत सांगितलेलंच ऑइल घाला. दिवा पिवळा असेल तर हायवे गाठा, लाल झाला तर मुकाट्याने गॅरेज. आणि रविवारी सकाळी कोणाचं खेड शिवापूरच्या पुढे काही काम असेल, तर कळवा. डिझेल माझं, टोल निम्मा निम्मा.