माहुलीवरून पाच-नऊ

बोलायची हौस भागवण्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते, असा छंद हॅम रेडिओच. परीक्षेत ओहमचा नियम विचारतात; दुसऱ्याचं संपेपर्यंत थांबावं, हे बहुधा ऑप्शनला टाकलेलं असतं. 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या लहरींना डोंगर आडवा आलेला खपत नाही, म्हणून मंडळी थंडीत आसनगावला उतरून शहापूरचा माहुली चढतात. सुमारे 2,800 फुटांवर, कारवीच्या काठीला अँटेना बांधून, डोंबिवलीच्या मित्राला धापा टाकत कळवतात, ‘तुमचा सिग्नल पाच-नऊ!’ म्हणजे शब्दन् शब्द स्पष्ट, जोर पुरेपूर. लगेच पुढचं वाक्य: ‘कॉलसाइन पुन्हा सांगा, कळलं नाही.’ मग तासभर गप्पा. विषय? सेट कुठला, केबल कितीची, बॅटरी किती टिकते. घरच्यांची चौकशी ‘सेव्हन्टी थ्री’त, म्हणजे हॅमच्या सांकेतिक शुभेच्छांत, उरकते.

आपत्तीत आम्हीच कामाला येतो, असं ते सांगतात. 2001च्या भूकंपात भूजमध्ये हॅम खरंच कामाला आलेही होते. पण जुलैत माळशेजला दरड येते, मुरबाडकडच्या पाड्यांवर वीज जाते, पाठोपाठ मोबाइलची रेंजही. तेव्हा आमचे हौशी वीर डोंगरावर नसतात. सेट भिजतो ना! बॅटरी मात्र घरी फुल चार्ज.