कोर्टाबाहेरच्या ऐपतदारास

रा. रा. जामीनदारसाहेब,
मुक्काम : कोर्टाबाहेरची चहाची टपरी, मागचा बाकडा.



कच्च्या कैद्याला तुरुंगाबाहेर काढण्याची वेळेवर चालणारी एकच यंत्रणा मुंबईत आहे, ती म्हणजे आपण. त्याबद्दल आम्ही डिलाईल रोडकर शाल-श्रीफळ देऊन आपला सत्कार करू इच्छितो.

आमच्या चाळीतल्या पोराला मोबाईलचोरीच्या केसमध्ये जामीन मिळाला. पंधरा हजार, आणि एक स्थानिक ऐपतदार जामीन. मी उभा राहायला गेलो. कारकुनाने रेशनकार्ड उलटसुलट पाहिले. पत्ता : बीडीडी चाळ, ना. म. जोशी मार्ग, म्हणजे आपला डिलाईल रोड. ‘इथेच राहता?’ म्हटले, नाही हो, पुनर्विकास चाललाय, चाळ पाडली, सध्या संक्रमण शिबिरात. ‘मग हे चालणार नाही.’ म्हणजे सरकारदरबारी मी पाचशे चौरस फुटांच्या घराचा हक्कदार, आणि कोर्टाच्या खिडकीवर बेपत्ता!

तेवढ्यात आपण आलात. चपलेच्या अंगठ्याला सेफ्टीपिन, हातात रबर लावलेली प्लॅस्टिकची फाईल. आत तीन रेशनकार्डे, तिन्हींवर नावे निराळी. पण पत्ता एकही पाडलेल्या चाळीचा नाही. दर : रकमेच्या दहा टक्के, झेरॉक्स वेगळी. पोराची आई लोअर परळच्या ऑफिसांत डबे पोचवते. तिने बटव्यातून नोटा काढल्या आणि माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. आपले काम चोख. सुटकेचा कागद जेलच्या पेटीत पडायला मात्र उशीर झाला आणि आणखी एक रात्र गेली. त्याचे काय एवढे! 2021 मध्ये आर्यन खानचीसुद्धा आर्थर रोडला तशीच एक रात्र गेली होती. त्याला एक लाखाच्या जामिनासाठी जूही चावला उभी राहिली. आमच्या चाळीत ती राहत नाही.

कायदा काय म्हणतो हे आपल्याला मी काय सांगणार, पण नोंद असावी. 1978 मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ चालला नाही. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजाराच्या जातमुचलक्यावर सोडले. 31 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले : जामीन मिळूनही महिनाभर माणूस आतच राहिला तर कोर्टाने आपणहून अटी सैल करण्याचा विचार करावा, आणि स्थानिक जामिनाच्या हट्टापायी सुटका अडत असेल तर ती अट घालू नये. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. कच्च्या कैद्याला तेव्हा 40,000 रुपयांपर्यंत मदत ठरली, वर्षाला 20 कोटींची तरतूद झाली. पुढे राज्ये हा पैसा वापरतच नाहीत, अशी तक्रार खुद्द केंद्रालाच करावी लागली.

देशाच्या तुरुंगांत 2022 च्या अखेरीस 5,73,220 माणसे होती. त्यातली 4,34,302 कच्ची. शंभरातल्या जवळजवळ शहात्तरांचा गुन्हा अजून शाबितच व्हायचा होता! यातल्या ज्यांना जामीन मिळूनही बाहेर येता येत नाही, त्यांना नेमकी कसली शिक्षा चालू आहे? भाड्याच्या खोलीत राहण्याची? लाज वाटायला हवी, साहेब, आणि ती तुम्हाला नव्हे.

त्या दिवशी तुमच्यावर राग धरून मी चहा प्यायला बसलो होतो. तुम्हीच बोललात. जामीन मंजूर असून तुम्हीही आत सडलात, कारण उभे राहायला कोणी नव्हते. बाहेर आल्यावर वॉचमनची नोकरी मिळेना, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आडवा आला. दहा टक्क्यांतले तुमच्या हाती दोनशे पडतात, बाकीचे वर जातात. बनावट कार्ड पकडले गेले की आत जाणार तुम्हीच.

आता आमच्या महापालिकेबद्दल. 2025-26 चा तिचा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा. तुरुंग राज्याचा विषय, म्हणून ती हात झटकते. पण सुटलेला माणूस आर्थर रोड जेलबाहेरच्या साने गुरुजी मार्गावर, म्हणजे तिच्याच फुटपाथवर उतरतो ना? बेघरांसाठी लाख वस्तीमागे एक निवारा हा दंडक आहे, आणि सव्वा कोटींच्या मुंबईत तेवढे निवारे नाहीत. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून अशा कैद्यांसाठी खपतो आहे. एका प्रकल्पाने किती पुरे पडावे?

तेव्हा आमच्या जी-दक्षिण विभागाच्या नगरसेवकांनी एवढेच करावे : पुढच्या अर्थसंकल्पात प्रत्येक फौजदारी कोर्टात एका टेबलाचा खर्च आणि दोन सामाजिक कार्यकर्त्यांचा पगार मागावा. त्यांनी घरी जाऊन पत्ता बघावा, शेजाऱ्यांना विचारावे, कोर्टाला अहवाल द्यावा, म्हणजे जातमुचलक्यावर सोडायला कोर्टाला आधार मिळेल. सुटलेल्याला रात्रीपुरता निवारा आणि कामाची चिठ्ठीही तिथेच मिळावी. आणि त्या टेबलावर पहिली नेमणूक आपली करावी. कोण खरोखर कुठे राहतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

आपला,
डिलाईल रोडचा एक नापास जामीनदार