पारावरचे सेशन जज्ज

मिरचीचा हंगाम आला की पिंपळगाव रेणुकाईत दोन भाव फुटायचे. मिरचीचा भाव व्यापारी फोडायचे. पेपरात आलेल्या खुनाचा आरोपी पारावर आबा फोडायचे. पोलिसांना तपासाला महिने लागायचे, आबांना कपभर चहा पुरायचा. “तीनशे दोन!” म्हणत कप खाली ठेवला की निकाल लागला. 1 जुलै 2024 पासून खुनाचं कलम 103 झालं, हे त्यांना मंजूर नव्हतं. एवढ्याशा आकड्याला खुनी भीत नसतो म्हणे.

नानावटी खटला त्यांना तोंडपाठ. 1959 साली मुंबईत 9 ज्युरींपैकी 8 जणांनी नौदलाच्या कमांडर नानावटींना निर्दोष ठरवलं. सेशन जज्जांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं, जन्मठेप झाली आणि 1961 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. “नववा व्हता ना, तो आपल्यासारखा!” हे आबांचं ठरलेलं वाक्य.

मागं एका खुनात कुऱ्हाडीच्या जप्तीला पंच म्हणून पोलिसांनी त्यांनाच नेलं होतं. सही त्यांनी अशी ठोकली, की खाली फक्त कोर्टाचा शिक्का राहिला. खटला उभा राहायला वर्षं गेली. जालन्याच्या सेशन कोर्टात आबा कडक टोपी घालून पिंजऱ्यात चढले. सरकारी वकिलांपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग आरोपीचे वकील उठले. आवाज अगदी मऊ.

“दांडा कशाचा होता, आबा?”

“बाभळीचा.”

“पंचनाम्यात सागाचा आहे. वाचून सही केली ना?”

“साहेबांनी वाचून दाखवला.”

“चष्मा होता डोळ्यांवर?”

“व्हता... बहुतेक.”

हा ‘बहुतेक’ पिंपळगावानं त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मग वकिलांनी कुऱ्हाड पुढं धरली. हीच का? आबा बघत राहिले. तसली त्यांच्या स्वतःच्या गोठ्यातही होती.

निकाल काय लागला, ते सांगत नाहीत. आता पारावर कुणी पेपर पुढं केला तर म्हणतात, “छापणारानं डोळ्यानं पाह्यलं काय?” मिरचीचं पोतं काट्यावर ठेवून व्यापारी ‘चाळीस किलो’ म्हणाला, तर “काटा चाळीस दाखवून राह्यला, एवढंच मी सांगू शकतो.” आबांच्या मागं रांग खोळंबते.

परवा मी मुद्दाम नानावटी काढला. आबा बराच वेळ गप्प. “त्या नवव्याला,” ते म्हणाले, “घरी जाऊन झोप लागली असंल का रे?”

मी काही बोलणार, तोच घाईनं पुढं झाले. “हे लिहून घेऊ नको. मी सही करणार नाही.”