पिवळ्या झाकेस खुले पत्र

श्रीमती पिवळी झाक यांसी,
मुक्काम माझा मॉनिटर, भिलाई, जि. दुर्ग.

सा. न. वि. वि.

आपण आमंत्रण नसताना आलात आणि ठाण मांडून बसलात, याबद्दल प्रथम अभिनंदन. इथल्या मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयातल्या पांढऱ्या वाघाचे फोटो संपादनाला उघडले, तर आपण त्याला साधा पिवळा वाघ करून टाकलात. 1951 साली रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहन नावाच्या पांढऱ्या वाघापासून जपत आणलेला पांढरा रंग! आपल्याला एक क्लिक पुरला.

संशय आधी कॅमेऱ्यावर गेला, मग ट्यूबलाइटवर, मग आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे माझ्या डोळ्यांवर. सौ.नी मोतीबिंदूचा विषय काढला. भाच्याने व्हाइट बॅलन्सची पट्टी निळ्याकडे ओढून स्क्रीनवर वाघ पांढरा करून दाखवला; प्रिंट आली ती नीळ जास्त झालेल्या धोतरासारखी.

आपलं बिंग फुटलं ते कोऱ्या फाइलीत. लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे 128 ठेवून एक चौकोन भरला. तिन्ही समान म्हणजे निव्वळ राखाडी. तरी तो पिवळसर! ज्या फाइलीने ना कॅमेरा पाहिला ना ट्यूबलाइट, तिच्यात आपण कशा? म्हणजे बिऱ्हाड फोटोत नव्हतंच. मॉनिटरसोबत आलेल्या रंगाच्या प्रोफाइलमध्ये होतं. संपादनाचं सॉफ्टवेअर ती प्रोफाइल इमानेइतबारे वाचतं. फोटो नुसते दाखवणारे कितीतरी प्रोग्रॅम तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, म्हणून तिथे तोच वाघ पांढराशुभ्र. इमानदारालाच कावीळ, हा न्याय काही नवा नाही म्हणा.

विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमधून ती प्रोफाइल काढली, तिच्या जागी एसआरजीबी ही प्रमाण प्रोफाइल बसवली, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. आपण गेलात.

आता विनंती एकच. आपल्या जांभळ्या बहिणीला इकडचा पत्ता देऊ नये. 2006 साली लायकाच्या एम8 कॅमेऱ्यात शिरून तिने लोकांचे काळे कोट जांभळे केले होते. सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच फारच पातळ, एवढं निमित्त तिला पुरलं. कंपनीला ग्राहकांना फिल्टर फुकट द्यावे लागले. आणि आमच्या गावच्या पोलाद कारखान्यात तर 1959 पासून भट्टीतून लाल लोखंड ओततात, इन्फ्रारेडला तोटा नाही. बाई एकदा आल्या की इथल्याच होतील, वर क्वार्टरही मागतील.

कळावे, लोभ नसावा.

एक भिलाईकर