मागची गाडी

मोहीम ठरली की पुण्यात सगळ्यात आधी टी-शर्ट छापले जातात. मग गाड्यांवर स्टिकर चिकटतात. कोणी जायचं, काय न्यायचं आणि वाटेत काही मोडलं तर काय करायचं, हे प्रश्न त्यानंतर निघतात, आणि जो ते काढतो त्याला 'निगेटिव्ह माणूस' म्हणून बाजूला बसवतात. आमच्याकडे असा माणूस एकच होता. त्याला आम्ही खजिनदार केलं.

बेत साधा होता. चार फोर बाय फोर गाड्या, पुणे ते मनाली सुमारे दोन हजार किलोमीटर आणि तिथून पुढे लेह. अशा ताफ्यात सर्वांत पुढच्या गाडीला 'लीड' म्हणतात, सर्वांत मागच्या गाडीला 'स्वीप'. लीडमध्ये वाट दाखवणारे बसतात. स्वीपमध्ये मेकॅनिक, डॉक्टर, आचारी, सुटे भाग, डिझेलचे कॅन आणि पुढच्यांच्या चुका निस्तरायचं सगळं सामान. पहिल्या बैठकीत लीडसाठी इतके उमेदवार निघाले की मिनीबस करावी लागली असती. स्वीपसाठी एकच हात वर झाला, पण त्याला पंखा कमी करून हवा होता.

मोहिमेच्या कप्तानांनी इतिहास काढला. १९५५ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा तरुण दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून सिंगापूरला निघाले आणि १९५६च्या मार्चमध्ये पोचलेही. कामं त्यांनी आपापसांत वाटून घेतली होती. एकाकडे इंजिनं, एकाकडे शिधा, एकाकडे नकाशे, एकाकडे कॅमेरा, एकाकडे पैशांचे व्यवहार. आणि एकाने परत आल्यावर पुस्तक लिहिलं. ऐकून सभेत चैतन्य पसरलं. नऊजणांनी तिथल्या तिथे पुस्तक लिहायची जबाबदारी उचलली. इंजिनाला कोणी मिळेना. तेव्हा मागच्या गाडीची माणसं बाहेरून आणायचं ठरलं.

पहिले आले उस्ताद. नाना पेठेत गॅरेज, त्याआधी फौजेच्या गाड्यांवर नोकरी. कप्तानांनी त्यांच्यापुढे आपली खरेदीची यादी ठेवली: टपावरचा तंबू, एलईडी दिव्यांची पट्टी, स्नॉर्कल. उस्तादांनी ती उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर आपली लिहिली: फॅन बेल्ट, फ्यूज, डिझेल फिल्टर, रेडिएटरचे पाइप, पंक्चरचं सामान, एम-सील, बांधायची तार आणि कपडे धुण्याच्या साबणाच्या दोन वड्या.

"साबण कशाला?" खजिनदारांनी विचारलं.

"दगड लागून टाकीला बारीक भोक पडलं तर वरून घासून दाबायचा. गळती तेवढ्यापुरती थांबते."

"आणि नाही पडलं तर?"

"तर अंघोळ करा."

स्नॉर्कलवर मात्र कप्तान अडून बसले. वाटेत नाले लागतात, इंजिनात पाणी गेलं तर काय? उस्ताद म्हणाले, "साहेब, ते नाले बर्फाचे. दुपारी ऊन चढलं की वर बर्फ वितळतं आणि पाणी वाढतं. पहाटे निघालात तर निम्मंही नसतं. स्नॉर्कलपेक्षा गजराचं घड्याळ स्वस्त पडेल." खजिनदारांनी त्या दिवशी प्रथमच कोणाच्या तरी पाठीवर थाप मारली.

डॉक्टर आले ते दातांचे. हृदयाचे बघून ठेवले होते, पण त्यांनी कार्यक्रमपत्रिका वाचली आणि त्यांना तातडीने परगावी जावं लागलं. दातांच्या डॉक्टरांनी पत्रिका शांतपणे वाचली आणि 'मनाली ते लेह एका दिवसात' या ओळीवर काट मारली. वाटेत दोन खिंडी: बारालाचा ४,८९० मीटर, तांगलांग ५,३२८ मीटर. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा. आधी जिस्पाला दोन रात्री, मगच वर. कप्तान म्हणाले, "आम्ही सिंहगड चाळीस मिनिटांत चढतो." डॉक्टर म्हणाले, "सिंहगडावर पिठलं-भाकरी मिळते. इथे डोकेदुखी मिळेल." विरळ हवेसाठी त्यांनी डायमॉक्सच्या गोळ्या घेतल्या. या गोळीने लघवीला वारंवार लागतं, त्यामुळे ताफा दर किती किलोमीटरला थांबवायचा यावर एक स्वतंत्र बैठक झाली. मोहिमेतली सर्वांत मुद्देसूद बैठक तीच.

आचारी लग्नकार्यातले. अंदाज पाचशे पानांच्या खाली उतरायला तयार नव्हता. "अठरा माणसं म्हणजे काय पंगत झाली? ही तर मीठ बघायला बसवतो आम्ही." त्यांना सांगितलं की सरचूला, म्हणजे सुमारे ४,३०० मीटरवर, पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, पातेल्यात डाळ शिजणार नाही, कुकर घ्या. त्यांनी आमच्याकडे कीव येऊन पाहिलं. "पाणी उकळलं म्हणजे उकळलं. त्याला गाव कळतं का?" शेवटी खजिनदारांनीच दोन मोठे कुकर घेतले आणि आचाऱ्यांनी ते 'तुमच्या समाधानासाठी' म्हणून गाडीत येऊ दिले.

संपर्काचा प्रश्न सर्वांत रोमांचक होता. कोणाचा तरी दुबईचा भाचा सॅटेलाइट फोन पाठवणार होता. भारतात परवानगीशिवाय असा फोन जवळ बाळगणं गुन्हा आहे, हे कळल्यावर भाच्याचा विषय घाईने संपवण्यात आला. मग लक्षात आलं की बाहेरून आणलेली प्रीपेड सिमं लडाखमध्ये चालत नाहीत. पोस्टपेड कोणाकडे? फक्त खजिनदारांकडे, कारण बिल ऑफिस भरतं. म्हणजे पुढे अठरा घरच्या चौकशा एकट्या त्यांच्या कानावर येणार होत्या. 'आमचे हे जेवले का?' याचं उत्तर ते शेवटी शेवटी न विचारताच देऊ लागले.

रंगीत तालीम मुळशीत, पहिल्या जोरदार पावसानंतर, ओळखीतल्या एका शेतकऱ्याच्या भाताच्या खाचरात झाली. गाडी मुद्दाम रुतवायची आणि सपोर्ट टीमने बाहेर काढायची, असा कार्यक्रम. रुतवण्याचा भाग कप्तानांनी फार सुरेख केला. उस्तादांनी विंचची तार झाडाला लावली आणि तिच्या मधोमध शेतकऱ्याकडून मागून आणलेली घोंगडी टाकली. तार तुटली तर या वजनामुळे ती उसळून कुणाच्या अंगावर येत नाही. पुस्तक लिहिणाऱ्या नवांनी घोंगडीचे फोटो घेतले. तार तुटली नाही. झाडच हळूहळू गाडीकडे येऊ लागलं. शेतकरी बांधावर बसून हे सगळं पाहत होता. चहा संपवून तो उठला, बैलजोडी आणली आणि गाडी ओढून काढली. फोर व्हील ड्राइव्हपेक्षा आठ पायांची ड्राइव्ह भारी, हे उपस्थितांपैकी फक्त कप्तानांना मान्य झालं नाही. शेतकऱ्याला स्वीप गाडीत यायचं आमंत्रण दिलं, पण लावणी सोडून डोंगरात चिखल बघायला कशाला यायचं, असं त्याने विचारलं. उत्तर कोणालाच सुचलं नाही.

सप्टेंबरात निघालो. तांदीला तो प्रसिद्ध फलक भेटला: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. खजिनदारांनी सगळे कॅन पुन्हा मोजले. गाटा लूप्सच्या एकवीस वळणांवर एक जागा आहे. तिथे पाणी मागत मेलेल्या एका क्लीनरचं भूत आहे अशी गोष्ट सांगतात आणि येणारेजाणारे पाण्याच्या बाटल्या ठेवतात. आम्हीही ठेवली. वहीत नोंद पडली: 'भूत, पाणी बाटली १, परतावा नाही.'

त्याआधी सरचूच्या मुक्कामी आचाऱ्यांनी पातेल्यात भात टाकला होता. पाणी खळखळा उकळत होतं आणि तांदूळ दाताखाली कचकच वाजत होता. त्यांनी पुन्हा पाणी घातलं, पुन्हा घातलं, मग आभाळाकडे पाहिलं आणि काही न बोलता कुकर काढला. तोवर बाकीचे बोटात ऑक्सिमीटर घालून गुणांची तुलना करत होते. "माझे अठ्ठ्याऐंशी!" "माझे ब्याऐंशी." ब्याऐंशीवाल्याचा चेहरा दहावीचा निकाल लागल्यासारखा झाला होता. डॉक्टर सांगून थकले की ही परीक्षा नव्हे. पुणेकरांना ते पटणं अवघड होतं.

मोरेच्या पठारावर कप्तानांनी फोटोसाठी लीड गाडी रस्त्याखाली उतरवली आणि ती वाळूत बसली. झाड नाही, बैल नाहीत. स्वीप गाडी मागून आली. उस्तादांनी विंचला हातही लावला नाही. चारही टायरमधली हवा निम्म्यावर आणली, लो रेंज टाकली आणि गाडी अलगद वर घेतली. हवा कमी झाली की टायर पसरतो आणि वाळूत रुतायचं सोडून तिच्यावरून चालतो. मग कॉम्प्रेसरने पुन्हा हवा भरेपर्यंत आचाऱ्यांनी गरम पोहे दिले, डॉक्टरांनी कप्तानांना गोळी दिली आणि खजिनदारांनी घरी फोन करायला रेंज शोधली. मिळाली नाही. लेहपर्यंत लीड गाडीत मग ड्रायव्हर सोडून कोणी बसायला तयार होईना. सगळ्यांना मागच्या गाडीत जागा हवी होती.

तेव्हा मोहीम आखणाऱ्यांना एवढंच सांगणं: आधी मागची गाडी भरा. तिच्यात कमी बोलणारी, यादी लिहिणारी आणि 'नाही' म्हणता येणारी माणसं बसवा. पुढच्या गाडीसाठी कोणालाही शोधावं लागत नाही. ती माणसं टी-शर्ट घालून तयारच असतात.