सनरूफमधून तंबू जात नाही

जाहिरातीतली गाडी नेहमी डोंगरमाथ्यावर उभी असते. तिथवर रस्ता नसतो, तरी गाडी धुतलेली असते. शेजारी चौघांचं कुटुंब सूर्योदय बघत असतं आणि त्या चौघांत मिळून सामान काय, तर एक थर्मास. रेनकोट नाही, टॉर्च नाही, आजीचं गुडघ्याचं तेल नाही. इतकं निःसंग कुटुंब असेल तर त्याला कुठलीही गाडी पुरेल. स्कूटरही पुरेल.

आपल्याकडचं कुटुंब रतनवाडीला एका रात्रीच्या मुक्कामाला निघतं तेव्हा चित्र वेगळं असतं. चार माणसांचा तंबू. चार स्लीपिंग बॅगा. कितीही आवळल्या तरी न आवळणाऱ्या कॅरिमॅटच्या गुंडाळ्या. साठ लिटरच्या दोन सॅक, पोरांच्या दोन छोट्या. स्टोव्ह, टोप, पाण्याचा वीस लिटरचा जार. एखाद्याला सांदण दरीत उतरायचं असेल तर दोर, हार्नेस, हेल्मेट. परतीच्या वाटेवर यात चिखलाने माखलेल्या बुटांची पिशवी वाढते. शिवाय एक बादली, कारण ‘तिकडे बादली मिळेल न मिळेल’. हे सगळं मावेल अशी गाडी बाजारात शोधायला निघालं की कळतं, आपल्याकडे साहसाच्या गाड्या भरपूर आहेत, सामानाच्या फार थोड्या.

मुळात गाडी बदलायचीच का? बहुतेक घरांत याचं उत्तर एखाद्या मेव्हण्याने दिलेलं असतं. ‘दहा वर्षं झाली ना? डिझेल ना? काढून टाका, बंद होणार आहे.’ दहा वर्षांच्या डिझेलवरची बंदी दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यातली. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर आरटीओत नेऊन फिटनेस दाखवायचा, पर्यावरण कर भरायचा आणि पुढे चालवायची. पण दिल्लीत शिंक आली की कोथरूडमध्ये गाड्या विकायला निघतात. असो. ठरलंच आहे तर ठरलं.

मग शोरूम. तिथे डिकी लिटरमध्ये सांगतात. रूढ पद्धत अशी की वीस सेंटिमीटर लांब, दहा रुंद आणि पाच जाड असे एकेक लिटरचे ठोकळे डिकीत रचायचे आणि मोजायचे. ठोकळा गुणी असतो, कोपऱ्यात जाऊन बसतो. सॅक बसत नाही. तिला पाठीची ताठ फ्रेम असते, कमरेचा पट्टा असतो, बाहेर लोंबणारा मग असतो. कागदावर साडेतीनशे लिटरच्या डिकीत साठ लिटरच्या पाच सॅक जाऊन वर जागा उरायला हवी. प्रत्यक्षात तिसऱ्या सॅकला दार लागेनासं होतं आणि घरातलं कर्तं माणूस त्यावर पाठ टेकवून जोर लावतं. भरीस भर म्हणजे काही कंपन्या मागच्या झाकणाच्या फळीपर्यंतच मोजतात, काही थेट छतापर्यंत. दोन माहितीपत्रकांतले आकडे शेजारी ठेवून तुलना करणं म्हणूनच व्यर्थ. बघायचं ते वेगळंच: मागच्या दोन चाकांच्या कमानींमध्ये सपाट रुंदी किती, डिकीचा उंबरठा किती उंच (ओला तंबू त्यावरून उचलून टाकायचा असतो), मागचं सीट साठ-चाळीस असं तुकड्याने पडतं की सगळंच्या सगळं, आणि पाडल्यावर तळ सपाट होतो की मध्ये पायरी राहते. यातलं एकही उत्तर माहितीपत्रकात ठळक अक्षरांत नसतं. ठळक अक्षरांत सनरूफ असतं.

सनरूफबद्दल या सदराने आजवर संयम पाळला होता. सेल्समन म्हणतो, ‘सर, फॅमिलीला आवडतं.’ आवडणारच. पण त्या काचेची यंत्रणा छतात बसते आणि आतली उंची खाते. भर एप्रिलमध्ये ती काच उघडायची कुणाची छाती नसते आणि पावसाळ्यात उघडली तर ताम्हिणी घाट मांडीवर येतो. उरतो तो एकच वापर, पोराला त्यातून वर उभं करणं, आणि तो बेतालपणा आहे. टपावरच्या चंदेरी पट्ट्यांचंही तेच. कित्येक गाड्यांवर त्या निव्वळ शोभेच्या असतात. टपावर किती किलो चालतील हे गाडीच्या पुस्तिकेत बघावं. तिथे काही नसेल, तर वर फक्त कबुतराला बसता येईल असं समजावं.

‘पण सर, फोर बाय फोर घ्या ना, ट्रेकिंग करता तर.’ घेऊ. जिम्नी घेऊ. ती खरंच चढते, यात खोट नाही. पण मागचं सीट उभं असताना तिची डिकी २०८ लिटरची. साध्या स्विफ्टची २६५. म्हणजे जी गाडी पाचनईच्या पुढेही जाऊ शकते तिच्यात तंबू जात नाही, आणि जिच्यात त्यातल्या त्यात जातो तिचं पोट खडीला लागतं. दोन माणसांनी मागचं सीट पाडून जावं, उत्तम गाडी. चौघांनी जायचं असेल तर दोघांनी एसटीने यावं.

सीएनजी घेतलात तर हा सगळा वादच मिटतो, कारण डिकीच मिटते. नेहमीच्या रचनेत साठ लिटरचं नळकांडं डिकीत आडवं झोपतं आणि त्याच्या भोवती चपला ठेवता येतात. टाटांनी २०२३ साली अल्ट्रोझमध्ये एकाऐवजी दोन बारकी नळकांडी डिकीच्या तळाशी बसवली, वर फळी टाकली आणि लोकांना पहिल्यांदाच कळलं की सीएनजीच्या गाडीलाही डिकी असू शकते. मारुतीने २०२५ च्या व्हिक्टोरिसमध्ये टाकी गाडीच्या पोटाखालीच नेली. शहाणपणाला उशीर झाला तरी त्याला शहाणपणच म्हणतात. जाता जाता एक बघून ठेवा: स्टेपनी कुठे आहे? आहे ना? टायरमधली हवा सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचा संच दिला तर स्टेपनी नसली तरी चालेल, अशी मुभा २०२० पासून नियमांत आहे. टायरची कड धारदार दगडाने कापली की तो संच नुसता हातात धरायला बरा.

आता खरं दुखणं. आपल्या गाड्यांची शेपटी कुणी कापली? अर्थखात्याने. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल असेल तर १२०० सीसी आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचं अबकारी शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. त्या दिवसापासून देशातले हुशार इंजिनिअर हातात फूटपट्टी घेऊन बसले आहेत. बॉनेट हवं, कारण त्याशिवाय रुबाब नाही. पाय पसरायला जागा हवी, कारण टेस्ट ड्राइव्हला मागे वडील बसतात. मग कापायचं काय? जिथे टेस्ट ड्राइव्हला कुणीच बसत नाही ते. अबकारी गेला, जीएसटी आला, २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचेही दर बदलले: चार मीटरच्या आत आणि इंजिन मर्यादेत असेल तर १८ टक्के, नाहीतर ४०. म्हणजे तंबूसाठी वीतभर जास्त पत्रा हवा असेल तर सरकारच्या दृष्टीने तुम्ही चैनी माणूस. काही शे रुपयांची कॅरिमॅट अंथरून जमिनीवर झोपणारा माणूस चैनी!

पण सगळं पाप सरकारच्या माथी मारता येत नाही. या प्रश्नाचं उत्तर जगाने कधीच काढलेलं आहे आणि आपण ते पुन्हा पुन्हा नाकारलं आहे. इस्टेट. लांब, बुटकी, छत तसंच शेवटपर्यंत मागे नेलेली गाडी. युरोपात बर्फावर घसरायच्या पट्ट्या, कुत्रा, सायकल असा संसार घेऊन माणसं वर्षानुवर्षं तीत हिंडतात. आपल्याकडे टाटांनी नव्वदीच्या सुरुवातीला चक्क ‘इस्टेट’ नावाचीच गाडी आणली. मग मारुतीने बलेनोची अल्टुरा काढली, ओपेलने कोर्साची स्विंग, फियाटने सिएनाची वीकेंड, स्कोडाने ऑक्टाव्हियाची कॉम्बी. २००४ मध्ये टाटांनी इंडिगोची मरीना काढून पुन्हा नशीब आजमावलं. एकूण एक गाड्या पडल्या. गाड्यांत खोट नव्हती. आपण म्हणालो, ‘अँब्युलन्स दिसते.’ काही जण त्याहून पुढचं वाहन म्हणाले. जिच्यात अख्खं घर मावेल ती गाडी आपण परत पाठवली, कारण सोसायटीच्या गेटवर वॉचमन काय म्हणेल! परवा टाटांची सिएरा नवं रूप घेऊन परत आली, लोकांचे डोळे पाणावले. तिच्या सख्ख्या बहिणीची, इस्टेटीची, आठवण एकालाही झाली नाही.

होंडाच्या जॅझचीही अशीच गत. तिच्या मागच्या सीटची बैठक सिनेमागृहातल्या खुर्चीसारखी वर उचलता यायची आणि पुढचं चाक काढलेली सायकल तिथे उभीच्या उभी राहायची. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली सरकवून काढलेली ही जागा. पुण्यातल्या सायकलवाल्यांना तिची किंमत कळली होती, पण त्यांच्या जिवावर कारखाना चालत नाही. २०२३ मध्ये जॅझ आपल्याकडून गेली. आता ज्यांच्याकडे आहे ते विकत नाहीत.

तर मग घ्यायचं काय? विचारलंतच तर सांगतो, आवडणार नाही.

रेनोची ट्रायबर. चार मीटरच्या आत, इंजिन हजार सीसीचं, म्हणून कर १८ टक्के. सात जण बसवले तर डिकी ८४ लिटर, म्हणजे डब्यांची पिशवी. पण शेवटची दोन्ही सीटं काढून घरी ठेवता येतात आणि मग ६२५ लिटर. जीव लहान आहे; भरल्या गाडीत माळशेज चढताना एसी बंद करून तिला धीर द्यावा लागतो. तरीही या दामात इतकी जागा दुसरीकडे नाही. घरच्या बजेटची ओढाताण नसेल तर अर्टिगा. शेवटची रांग पाडली की साडेपाचशे लिटर, तळ बऱ्यापैकी सपाट, घाटात दम लागत नाही. कर ४० टक्के, तो गुमान भरावा. आणि रस्ते खरोखरच वाईट असतील, दर शनिवारी वाडीवस्तीवर जाणं असेल, तर बोलेरो. मागच्या आडव्या बाकड्यांवर माणसाऐवजी सॅक बसवाव्यात. त्यांना मळमळत नाही. बोलेरो बिघडली तर ती दुरुस्त करणारा मेकॅनिक राजूरलाही भेटतो आणि वेल्ह्यालाही. ही सोय कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नसते.

या तिन्ही नावांवर घरात एकच प्रतिक्रिया येते: ‘शी, टूरिस्ट वाटते.’ अगदी बरोबर. टूरिस्ट गाडीवाला रोज सामान आणि माणसं भरतो, स्वतःच्या खिशातून हप्ता फेडतो, त्यामुळे तो डिकी बघून गाडी घेतो. आपण गाडी घेतो ती भाचीच्या लग्नात उतरताना कशी दिसेल ते बघून. पिवळ्या पाटीच्या माणसाला जे समजतं ते पांढऱ्या पाटीला का समजू नये, हे मला कळत नाही. म्हणून गाडी बघायला जाताना नातेवाईक नेऊ नयेत, सामान न्यावं. तंबू, दोन भरलेल्या सॅक, गुंडाळलेली कॅरिमॅट आणि ती बादली. शोरूमच्या चकचकीत फरशीवर सगळं मांडावं, डिकी उघडायला सांगावी, सीटं पाडायला सांगावीत आणि स्वतः भरून बघावं. जड खाली, सीटच्या पाठीला चिकटून, हलकं वर, मागच्या काचेतून रस्ता दिसला पाहिजे. सेल्समन कॉफी विचारतो, मॅनेजर लांबून बघतो. बघू द्यावं. लाखो रुपये आपले आहेत.

आणि अगदीच धाडस असेल तर ईको दाखवा म्हणावं. सरकते दरवाजे, त्यामुळे अरुंद पार्किंगमध्येही तंबू बाजूने आत. पाच सीटांच्या गाडीत मागे पाचशे लिटरच्या वर जागा, तीही चौकोनी, ठोकळा नसलेल्यालाही मानवणारी. इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने बूड जरा शेकतं, पण भंडारदऱ्याच्या थंडीत त्याचंही काही वाईट वाटत नाही. रुबाब शून्य. मी परवाच एका शोरूममध्ये शिरलो आणि ईको बघायची आहे म्हणालो. एसयूव्हीजवळ उभा असलेला टायवाला पोरगा हसून बाजूला झाला, आतून दुसऱ्याला बोलावलं. तो वही उघडून समोर बसला आणि अदबीने विचारता झाला, ‘बसा साहेब. धंदा कशाचा आपला?’