ब्लॅक बुकातल्या कोडला रंग कसे द्यावेत?

फायनल इयरचा प्रोजेक्ट चालो न चालो, त्याचं ब्लॅक बुक देखणं झालंच पाहिजे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या भावी इंजिनिअरांनो, खालच्या पायऱ्या मुकाट्यानं गिरवा.

१. आधी थीम ठरवा, विषय मग बघू. मोनोकाई २००६ची. सोलराइज्ड २०११ची; गोंडवाना विद्यापीठही त्याच सालचं, तेव्हा ती आपलीच समजा. ड्रॅक्युला २०१३ची. तिघींवरून ग्रुपमध्ये यथेच्छ भांडा. कोड कोणी लिहायचा यावर भांडू नका. ज्याच्या नशिबी आहे तो लिहीलच.

२. कमेंट्स फिक्या राखाडी ठेवा. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांत निदान ४.५:१ कॉन्ट्रास्ट हवा, असं वेबचे सुगम्यता-निकष सांगतात. सोलराइज्डच्या कमेंट्स त्यात नापास. उत्तम! तुमच्या कमेंट्स एक्स्टर्नलना न दिसण्यातच तुमचं भलं आहे.

३. चुकीची ओळ लाल, बरोबर हिरवी. दुसरी कुठलीही खूण नको. ताडोब्यातल्या चितळाला हिरव्या झाडीतला केशरी वाघ रंगावरून वेगळा काढता येत नाही, कारण त्याच्या डोळ्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. काही माणसांचंही असंच असतं, त्यात पुरुष जास्त. असा वाचक भेटला तर त्याला चितळाच्या बाजूनं सफारी घडेल, तीही जिप्सीचं भाडं न भरता.

४. स्ट्रिंग्ज लख्ख पिवळ्या करा आणि रिपोर्ट ब्लॅक-अँड-व्हाइट झेरॉक्सला टाका. कंस तेवढे येतील; अवतरणचिन्हं पुसट होतील आणि मधलं ‘वेलकम’ पार गायब. हे सोसवत नसेल तर काळ्या पार्श्वभूमीचे स्क्रीनशॉट लावा. पानभर काळं छापायचं म्हटल्यावर झेरॉक्सवाला आधी टोनरकडे बघेल, मग तुमच्याकडे, मग भाव सांगेल. द्या बिचाऱ्याला.

५. डेमो मे महिन्यातल्या दुपारी, खिडक्यांना पडदे नसलेल्या खोलीत ठेवा. प्रोजेक्टरवर डार्क थीम लावा. कोणालाच काही दिसणार नाही. उकाड्यानं हैराण झालेले एक्स्टर्नल ‘छान’ म्हणतील आणि सही करतील.

आता एक जुनाट सल्ला, तोही कोणी विचारलाच तर. कीवर्ड ठळक, कमेंट्स तिरक्या, बाकी सगळं साधं काळं. १९६० साली अल्गोल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या छापील अहवालात कीवर्ड ठळकच होते. हा बेत झेरॉक्सच्या झेरॉक्समध्येही टिकतो. फक्त त्यानं तुमचा कोड लोकांना वाचता येईल. पुढचं तुमचं तुम्ही निस्तरा.